शेजारच्या तारेचा गोंगाट आणि मक्तेदारीचा पेच

दूरध्वनीच्या तारेवरून ब्रॉडबँड घेतलेल्या ग्राहकाला जाहिरातीतील वेग मिळाला नाही, की दोष मॉडेमला, कंपनीला किंवा पावसाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा खरे कारण असते ते शेजाऱ्याची तार. एकाच केबलमध्ये दाटीवाटीने बसवलेल्या तांब्याच्या जोड्या एकमेकींच्या संदेशांत ढवळाढवळ करतात. अभियंते याला 'क्रॉसटॉक' म्हणतात. हा दोष दूर करण्याचे तंत्र उपलब्ध आहे. मात्र त्याची किंमत स्पर्धेलाही मोजावी लागते, हे जर्मनीतील वादाने दाखवून दिले आहे.

दोन तारांना पीळ घातला की बाहेरचा उपद्रव बराच कमी होतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच या युक्तीचे पेटंट घेतले होते. संभाषणासाठी ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी पुरत असल्याने हा उपाय दीर्घकाळ कामी आला. ब्रॉडबँडने ते गणित बदलले. एडीएसएलसाठी १.१ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी लागतात, तर व्हीडीएसएल-२ साठी १७ मेगाहर्ट्झ आणि त्याहूनही अधिक. वारंवारता जितकी जास्त, तितकी एका जोडीतून दुसरीत होणारी गळती अधिक. परिणामी, केबलमधील पहिल्या ग्राहकाला मिळणारा उत्तम वेग शेजारी वाढत जातील तसा घसरतो.

यावरचा साधा उपाय संयमाचा. प्रत्येक जोडीने आपल्या कामापुरतीच शक्ती वापरली, तर एकूण गोंगाट कमी होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन सिओफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास यासाठी गणिती पद्धती मांडल्या. त्यांचाच पुढचा विचार म्हणजे 'व्हेक्टरिंग'. त्याचे प्रमाणक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०१० मध्ये मंजूर केले. यात प्रत्येक जोडीवरून ठरावीक ओळखखुणा पाठवल्या जातात. ग्राहकाचा मॉडेम आलेल्या संदेशातील बिघाड मोजून परत कळवतो. कोणती जोडी कोणाला किती त्रास देते याचा तक्ता त्यावरून तयार होतो. मग केंद्रातील यंत्रणा मूळ संदेशातच नेमका उलट संदेश मिसळते आणि ग्राहकापर्यंत पोहोचेतो गोंगाट बव्हंशी विरून जातो.

पेच नेमका येथेच आहे. उलट संदेश तयार करण्यासाठी केबलमधील सर्व जोड्यांवरून काय जात आहे, हे एकाच यंत्रणेला ठाऊक असावे लागते. दुसऱ्या कंपनीची यंत्रे त्याच केबलवर चालू असतील, तर त्यांचा गोंगाट पुसता येत नाही आणि लाभ घटतो. जर्मनीत डॉइच टेलिकॉमने ५० ऐवजी १०० मेगाबिटचा वेग देण्यासाठी या तंत्राचा आग्रह धरला. तेथील नियामकाने २०१३ मध्ये रस्त्यांवरील जोडपेट्यांसाठी, तर २०१६ मध्ये दूरध्वनी केंद्रांभोवतीच्या ५५० मीटरच्या परिसरासाठी अटींसह मार्ग मोकळा केला. प्रतिस्पर्ध्यांना थेट तार भाड्याने न देता तिच्यावरून तयार सेवा पुरवण्याचा पर्याय ठेवण्यात आला. जुनी मक्तेदारी मागील दाराने परतत आहे, अशी टीका या कंपन्यांनी केली. जुन्या तांब्यालाच मुदतवाढ मिळाल्याने फायबरचे जाळे रखडेल, हा दुसरा आक्षेप होता.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. बीएसएनएल व एमटीएनएलच्या तारा खासगी कंपन्यांना खुल्या कराव्यात, अशी शिफारस 'ट्राय'ने २००४ मध्ये केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने मात्र ती बंधनकारक केली नाही. पुढे मोबाइल आणि फायबरने तांब्याला मागे टाकले.

फायबरमधील प्रकाश शेजारच्या तंतूत असा गळत नाही. त्यामुळे क्रॉसटॉकचा प्रश्न तेथे उरत नाही. पण घरापर्यंतच्या अखेरच्या टप्प्यावर एकाच कंपनीचा ताबा असावा की अनेकांना वाट मिळावी, हा प्रश्न कायम आहे. वेगवान सेवेसाठी स्पर्धेला मुरड घालायची असेल, तर बदल्यात ग्राहकाच्या पदरात काय पडते याचा हिशेब नियामकाने आधीच मागायला हवा.