आम्ही कोणाच्या पायांतून निघालो नाही

देव आणि डार्विन यांची झुंज लावून द्यावयाची, आणि लोक ती पाहण्यात गुंतले असता आपली दक्षिणा मुकाट्याने पदरात पाडून घ्यावयाची, असा एक उद्योग आपल्या देशात चालला आहे. शेतकरी, कुंभार, सुतार, लोहार, चांभार, तेली, साळी, माळी अशा आमच्या सर्व कष्टकरी बांधवांस आमचे रोखठोक सांगणे आहे की, ही झुंजच खोटी आहे. तीत कोणाच्याही बाजूने टाळ्या वाजवू नका.

प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो आपल्या घरातूनच उठला आहे. २०१८ साली आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात, दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती हा आहे. पोर तो धडा वाचते आणि घरी येऊन विचारते, "आजी म्हणते माणूस देवाने केला, पुस्तक म्हणते तो लाखो वर्षांत हळूहळू घडला. मग खरे कोणाचे? आणि पुस्तक खरे असेल तर आपला धर्म कोणता?" बापाला उत्तर सुचत नाही. तो म्हणतो, "परीक्षेत पुस्तकातले लिही आणि घरात आजीचे ऐक." बांधवांनो, हे उत्तर नव्हे. मुलास दोन तोंडांनी बोलावयास शिकविणे आहे. याहून बरे उत्तर आपल्यापाशी आहे आणि ते आपल्या सत्यशोधक वाडवडिलांनीच ठेवून दिलेले आहे.

प्रथम डार्विनाच्या वैऱ्यांचा समाचार घेऊ. जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तेव्हाचे केंद्रीय शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की, डार्विनाचा सिद्धान्त चूक आहे, वानराचा माणूस होताना आमच्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, सबब तो शाळा-कॉलेजांतून काढावा. देशातील तीनही मोठ्या विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून हे म्हणणे खोडून काढले. तरी २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच. ओझे कमी केले म्हणे! पोरांच्या पाठीवरचे इतर ओझे राहिले आणि नेमके जे डोके हलके करणारे होते तेच उतरले.

कोणी पाहिले नाही, हा काय मुद्दा झाला? पन्हाळ्याचा आणि जोतिबाच्या डोंगराचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस होय. तो थिजताना कोणाच्या आज्याने पाहिला? पण कातळ फोडणाऱ्या वडाराला दगडाचे थर वाचता येतात. न पाहिलेली गोष्ट खुणांवरून ओळखणे हे अडाणीपणाचे नाही, शहाणपणाचे काम आहे. खुरांच्या मागावरून चोरीला गेलेला बैल हुडकणारा शेतकरी तेच करीत आला.

आणि शेतकऱ्याला तर उत्क्रांती कळावयास विलायतेस जाण्याची गरज नाही. बियाण्यासाठी चांगले कणीस बाजूला काढून ठेवणारी आमची मायमाउली हजारो वर्षे निवड करीत आली आहे. डार्विनाने १८५९ साली आपला मोठा ग्रंथ छापला, त्याचा आरंभच पाळीव जनावरे, पिके आणि कबुतरे यांपासून केला आहे. माणूस निवडीने थोड्या पिढ्यांत जात पालटवू शकतो, तर दुष्काळ, रोग, थंडी आणि भूक हे निवड करणारे असले आणि काळ कोट्यवधी वर्षांचा असला, तर काय होणार नाही, असे त्याने विचारले. आमच्या शिवारातला को ८६०३२ घ्या. यातला को म्हणजे कोईमतूर. तेथल्या ऊस पैदास केंद्राने गेल्या शतकाच्या आरंभी जाड्या गोड उसाचा रानगवतासारख्या बारीक उसाशी संकर करून नव्या जातींचा पाया घातला. पाडेगावच्या केंद्रातून निघालेल्या जातीचे नाव तर फुले २६५! ज्या जोतीरावांनी उत्पत्तीच्या भाकडकथांचे वाभाडे काढले, त्यांच्या नावाचा ऊस बांधावर उभा आहे, आणि त्या उसाच्या सावलीत बसून आम्ही विचारतो की, जात पालटते हे खरे कशावरून?

निसर्गाची निवडही डोळ्यांसमोर घडली आहे. २०१७ साली विदर्भात बीटी कापसाची बोंडे गुलाबी बोंडअळीने फोडली. ज्या विषाने अळी मरावयाची, त्याच विषात जगणाऱ्या मोजक्या अळ्या मागे राहिल्या, त्यांचीच संतती वाढली, आणि विष पांगळे झाले. अळीने तप केले नाही की कोणा देवाने तिला वर दिला नाही. ज्या शेतकऱ्याचे पीक गेले, त्याला उत्क्रांती नाही म्हणून सांगणे हा जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार आहे.

आता दुसरा पंथ पाहा. हा डार्विनाला शिव्या देत नाही. तो त्याला ओवाळतो आणि म्हणतो, "आमच्या दशावतारात हेच सांगितले आहे. आधी मासा, मग कासव, मग वराह, मग अर्धा सिंह अर्धा माणूस, मग बुटका वामन." जानेवारी २०१९ मध्ये जालंदरच्या विज्ञान परिषदेत आंध्र विद्यापीठाच्या तेव्हाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनापेक्षाही सरस सिद्धान्त असल्याचे सांगितले. हा पंथ पहिल्यापेक्षा अधिक घातकी आहे, कारण तो विज्ञानाचा अंगरखा घालून येतो.

या शिडीच्या पायऱ्या नीट मोजा. उत्क्रांतीत एका जातीपासून शाखा फुटतात. ते वडाच्या झाडासारखे आहे, शिडीसारखे नाही. आजचा मासा आपला आजोबा नव्हे, फार दूरचा चुलतभाऊ आहे. डुकरापासून सिंह झाला नाही आणि सिंहापासून माणूस झाला नाही. मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. या शिडीवर आमच्या बळीराजाला पाताळात घालणारा वामन ही प्रगतीची एक पायरी ठरतो, आणि एकवीस वेळा क्षत्रियांचा संहार करणारा परशुराम ही त्याहून वरची! ज्या बळीचे राज्य यावे म्हणून आमच्या मायबहिणी दिवाळीत ओवाळतात, त्याच्या डोक्यावर पाय देणे हा सृष्टीचा विकास झाला काय? पोथीतले जुने वर्चस्व प्रयोगशाळेच्या दारातून परत आत आणण्याची ही युक्ती आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच माणसांचा असतो. "आम्हांला माकडाची अवलाद म्हणता काय?" डार्विन असे म्हणतच नाही. वानर आणि माणूस यांचे पूर्वज फार मागे एक होते, एवढेच त्याचे म्हणणे. पण तेही अपमानाचे वाटते काय? बांधवांनो, गावोगाव वेशीवर मारुती आहे. शनिवारी त्याला शेंदूर आणि तेल वाहता, तेव्हा वानराची लाज वाटत नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या तुम्हांला सांगण्यात आले की, तुम्ही विराट पुरुषाच्या पायांतून जन्मलात, म्हणून सेवा हाच तुमचा धर्म. तेव्हा मान खाली घालून ऐकलेत. पायांतून निघालो म्हणताना लाज वाटली नाही, आणि रानातल्या प्राण्याशी नाते निघताच वाटली! वानराने तुम्हांला कधी विहिरीवर अडविले नाही, की मंत्र ऐकला म्हणून शिक्षा दिली नाही.

येथे आमच्या करवीर नगरीची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी राजोपाध्ये वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणत होते. त्यातून वेदोक्ताचे प्रकरण पेटले. वादाचा गाभा काय होता? छत्रपती बाहूंतून निघालेले क्षत्रिय की पायांतून निघालेले शूद्र, हा! एवढ्या थोर राजाला आपल्याच नदीकाठी आपल्या जन्माचा अवयव सिद्ध करावा लागला. महाराजांनी तो लढा मानाने लढविला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला आणि आपल्याच जातीबांधवांतून पुरोहित तयार होऊ लागले. पुढे आर्यसमाज आला आणि १९१९ साली राजाराम कॉलेज त्याच्या हाती गेले. १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे पीठ निघाले, तेव्हा एक मध्यस्थ घालवून दुसरा कशाला, असे सत्यशोधकांतूनही विचारले गेले. वीस वर्षांत एवढ्या वाटा चोखाळल्या गेल्या, कारण आम्ही कोण, हा प्रश्न कोल्हापूरला स्वस्थ बसू देत नव्हता.

आज मागे वळून पाहता आमचे मत असे झाले आहे की, बाहूंवर हक्क सांगण्यात एक मोठा तोटा होता. जो म्हणतो, "मी पायांतून नव्हे, बाहूंतून निघालो," तो त्या विराट पुरुषाचे सबंध शरीर मान्य करतो. मग कोणीतरी पायांतून निघालेला राहतोच, आणि तो बहुधा आमच्याच आळीपलीकडचा भाऊ असतो. आजही लग्न जमविताना वंशावळी काढून आम्ही कोणत्या कुळीचे, हे मिशीला पीळ देऊन सांगणारे आमच्यात कमी नाहीत. त्यांना आम्ही विचारतो, ज्या पोथीने तुमच्या राजाचा अपमान केला, त्याच पोथीच्या दाखल्याची चौकट दिवाणखान्यात कशाला लावता?

उत्क्रांतीने हा खटलाच निकालात काढला आहे. आपल्या जातीच्या माणसांची सर्वांत जुनी हाडे मोरोक्कोत सापडली, ती सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. हैदराबादची सीसीएमबी ही सरकारी प्रयोगशाळा आणि अमेरिकेचे हार्वर्ड यांच्या संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोकसमूहांची आपसांत भरपूर सरमिसळ झाली आणि त्यानंतर रोटीबेटीची कुंपणे घट्ट होत गेली. म्हणजे कुंपण नंतरचे, रक्त आधीचे एक. तीन लाख वर्षांच्या शेतात परवा घातलेले कुंपण सृष्टीच्या आरंभापासूनचे आहे म्हणून सांगणारा खोटा सातबारा दाखवितो आहे.

मग आजीच्या देवाचे काय? आजीची चेष्टा करणाऱ्या शिकलेल्या तरुणांस आमचे सांगणे आहे की, जरा थांबा. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या गुलामगिरीत ब्रह्मदेवाच्या अवयवांतून वर्ण निघाल्याच्या कथेची रेवडी उडविली. तरी ते निर्मीक मानीत. त्यांच्या मागे १८९१ साली छापलेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात निर्मीकाने अनंत सूर्यमंडळांसह हे विश्व निर्माण केले, सर्व स्त्री-पुरुष स्वतंत्र निर्माण केले, असे आहे. पण अमक्या अवयवातून अमकी जात, हे त्यांच्या निर्मीकाच्या चोपडीत नाही. बी पेरणारा प्रत्येक पान स्वतः हाताने चिकटवीत नाही. बियात वाढण्याचा धर्म असतो. सृष्टीच्या मुळाशी कोणी आहे असे ज्यास वाटते, त्याने ते खुशाल मानावे. ती सृष्टी कशी वाढली, हे खोदून, मोजून शोधावयाचे काम विज्ञानाचे आहे. १९९६ साली रोमच्या पोपनेही उत्क्रांती ही नुसती अटकळ राहिलेली नाही, असे म्हटले. त्याच्या चर्चचे छप्पर कोसळले नाही.

ज्यास निर्मीकही पटत नाही, तोही आमचा भाऊच. १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह जो बुद्धाचा धम्म घेतला, त्यात जगाचा निर्माता मानावाच लागत नाही. आणि जोतीरावांनी तर एकाच कुटुंबात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असले तरी सर्वांनी प्रेमाने एकत्र नांदावे, असे सांगून ठेवले आहे. धर्माची याहून मोठी व्याख्या कोणत्या पीठाने दिली?

शेवटी एक सावधगिरी. डार्विनाच्या नावाने बळी तो कान पिळी हाच निसर्गाचा कायदा असल्याचे सांगणारेही निघतील. सर्वांत लायक तोच टिकतो, हे शब्द डार्विनाचे मूळचे नव्हेत; ते हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली काढले. जाती म्हणजे शुद्ध बियाण्याची पैदास, असे सांगणाऱ्यांस आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंहाराच्या भाषणात सडेतोड उत्तर दिले होते. अळीच्या जगात जे घडते ते माणसाने कायदा म्हणून घ्यावे, असे विज्ञान सांगत नाही. पोथीच्या अडत्याला हाकलून प्रयोगशाळेचा अडत्या घरात घेऊ नका.

तेव्हा मुलाला आता असे सांगा: "बाळ, आजीचा देव आणि तुझे पुस्तक यांचे वैर नाही. देव मानावा की न मानावा, हे तू मोठा होऊन ठरव. पण देवाने आपल्याला कोणाच्या पायांतून काढले असे जो म्हणेल, त्याची पोथी मिटून ठेव. आणि आपण कोणाच्या डोक्यातून निघालो असे कधी वाटले, तर ती पोथी आपल्याच मनात उघडली आहे असे समज." शाहूपुरीच्या पेठेत गुळाचा रवा विकताना अडत द्यावी लागे, ते एक वेळ सोसले. आपल्या जन्मावर अडत देण्याचे दिवस मात्र संपले पाहिजेत.