खेळातली तलवार आणि घरातला हिशेब

मागच्या महिन्यात एक ताई मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत शिकणारा. ताईंचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "दादा, पोरानं मोबाइलवर खेळून पैसे कमावलेत. आता ते आमच्या अंगावर तर येणार नाहीत ना?"

हकिगत अशी. मोबाइलच्या खेळात तलवारी, बंदुका, पोशाख मिळतात. काही खेळून मिळतात, काही विकत घ्यावे लागतात. पोराने वर्षभरात अशा वस्तू दुसऱ्या खेळाडूंना विकल्या. ४६,००० रुपये आईच्या खात्यात जमा झाले. गल्लीत लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, हवेतल्या वस्तूंना कसला कर? दुसरा म्हणाला, तीस टक्के कापतील, वर नोटीस येईल.

पण ताईंची खरी काळजी वेगळीच होती. थोरली मुलगी नर्सिंगला आहे, तिला शिष्यवृत्ती मिळते. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठरवलेली होती. वडिलांची वर्षाची कमाई २,०८,०००. त्यात ४६,००० मिळवले की २,५४,००० होतात. चार हजारांपायी पोरीचे शिक्षण अडायचे! म्हणून कोणीतरी सल्ला दिला होता, "गप्प बसा, कोणाला कळतंय?"

आम्ही म्हणालो, ताई, आधी कायदा काय आहे ते पाहू.

वस्तू दिसत नसली तरी हातात आलेला रुपया खरा असतो, आणि आयकर त्या रुपयाकडे पाहतो. ही गोष्ट नवी नाही. चीनच्या कर खात्याने २००८ सालीच खेळातले चलन विकून होणाऱ्या नफ्यावर २० टक्के कर लागतो असे सांगितले होते. आपल्याकडेही अशी विक्री उत्पन्नातच धरतात. नेहमी विकणाऱ्याचे ते धंद्याचे उत्पन्न, एखाद्या वेळी विकणाऱ्याचे बहुधा इतर उत्पन्न. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईला १९६१ चा आयकर कायदा लागतो, त्यानंतरच्या कमाईला २०२५ चा.

मग तीस टक्क्यांचे काय? तो दर दोन गोष्टींना आहे. पैसे लावून ऑनलाइन खेळात जिंकलेली रक्कम ही एक. असे पैशांचे खेळ बंद करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे बिटकॉइन, ब्लॉकचेनवरची टोकन अशी 'आभासी डिजिटल मालमत्ता'. तिच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि कमी उत्पन्नाची सूट त्याला मिळत नाही. या व्याख्येतले शब्द बरेच रुंद आहेत. म्हणून वस्तू टोकनच्या रूपात विकली असेल तर जाणत्या कर सल्लागाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ताईंच्या पोराने साध्या खेळातल्या साध्या वस्तू विकल्या होत्या.

आता ही कमाई कोणाची धरायची? अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. मात्र मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कौशल्याने कमावले असेल, तर ते त्याचे स्वतःचेच राहते. रात्र रात्र खेळून मिळवलेली तलवार हे कौशल्य म्हणता येईल. वडिलांच्या पैशाने घेऊन नुसती पुढे विकलेली वस्तू तशी म्हणता येणार नाही.

मग आम्ही पोराला विचारले, "विकलेल्या वस्तू विकत घ्यायला तुझे किती गेले?" तो आधी गप्प. मग मोबाइलमध्ये शोधून एकेक आकडा सांगू लागला. बेरीज ९,००० झाली. म्हणजे नफा ४६,००० नव्हे, ३७,००० रुपये. तो सगळा वडिलांच्या नावावर धरला तरी घरचे उत्पन्न २,४५,०००. मर्यादेच्या आत!

ताईंनी डोळे पुसले. जे लपवायला निघाले होते, ते नीट मांडले तर लपवण्याचे कारणच उरले नाही. आयकराचे म्हणाल तर २०२५-२६ साली नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. एकूण उत्पन्न चार लाखांच्या वर गेले तर मात्र कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावे लागते. या घराला तेही नको.

आणि समजा, नफा जास्त निघून मर्यादा ओलांडली असती तर? तरीही आम्ही खरेच सांगा म्हटले असते. बँकेच्या खात्यात प्रत्येक रकमेची नोंद राहते. उद्या दाखला खोटा ठरला तर शिष्यवृत्ती जाते, वर पोरीच्या नावाला बट्टा लागतो. दाखल्याचा अर्ज करताना हे पैसे कसे दाखवायचे ते तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

ज्यांच्या घरी असे खेळणारे पोर आहे, त्या आईबापांना आमचे सांगणे आहे. पोराला एक वही द्या. काय घेतले, काय विकले, तारीख, रक्कम, सगळे त्याने लिहावे. खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. बऱ्याच खेळांच्या नियमांत वस्तू किंवा खाते पैशाने विकायला मनाई असते, खाते बंद होऊ शकते, तेही वाचावे. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. जो पिन मागतो तो लुबाडणारा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

जाताना ताई पोराला म्हणाल्या, "बारावी होईपर्यंत तलवार म्यानात ठेव." पोरगा हसला. वही मात्र त्याने त्याच संध्याकाळी आणली.