पहिल्या महिन्याचा माणूस

ऑगस्ट सरत आला की जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी घरांत वजनकाटा बाहेर निघतो. विमानाच्या एका बॅगेत २३ किलो, त्यात काय काय बसवायचं याचा खल आठवडाभर चालतो. बिबड्या जातात, कळण्याचं पीठ जातं, काळा मसाला दुहेरी पिशवीत बांधला जातो. कुकर न्यावा की नाही यावर वाद होतो आणि शेवटी कुकर जातोच. अशा घरी निरोप द्यायला गेलो की मी एकच विचारतो: पहिला महिना कोणाकडे? बहुतेक घरांत या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघतात.

प्रवेश झालेला असतो, व्हिसा आलेला असतो. बँकेचं कर्ज मंजूर झालेलं असतं आणि त्यासाठी घर किंवा वावर तारण पडलेलं असतं. एजंटाने पैसे घेऊन ही सगळी कामं चोख केलेली असतात. पण विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल पडल्यानंतरचे दिवस त्याच्या कामात मोडत नाहीत. माझं मत असं की परमुलखात गेलेल्या माणसाचं पुढचं बरंचसं त्या पहिल्या महिन्यातच ठरतं.

माझा भाचा चोपडा तालुक्यातला. लंडनला शिकायला जाताना त्याने इथूनच मोबाइलवर फोटो बघून खोली ठरवली, अनामत पाठवली. तिथे पोचला तर त्या पत्त्यावर दुसरीच माणसं राहत होती आणि पैसे घेणाऱ्याचा फोन बंद. मग ऑक्टोबरभर तो ओळखीच्या ओळखीने कोणाच्या तरी बैठकीत सतरंजीवर झोपला. घरी मात्र रोज सांगायचा, खोली छान आहे, खिडकीतून झाड दिसतं. बहिणीला खरं कळलं ते दिवाळीनंतर. पैसे गेल्याचं तिला फार वाटलं नाही. पोरगा एकटा हे झेलत राहिला आणि आपल्याला कळू दिलं नाही, म्हणून ती रडली.

तिच्याकडून परतताना माझ्या मनात सारखी सुरत येत होती.

खानदेशाला परमुलूख नवा नाही. आपली तापी जिथे समुद्राला मिळते ते सुरत शहर म्हणजे कित्येक पिढ्या आपल्या माणसांचा परदेश. राज्य वेगळं, भाषा वेगळी, पाट्यांवरची लिपी वेगळी. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथल्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, कोरडवाहू कापसाचा भरवसा राहिला नाही, वाटण्या होऊन वावराचे तुकडे पडले. तिकडे त्याच काळात सुरतेत कृत्रिम रेशमाचे माग वाढत होते. तापीकाठची रेल्वे एकोणिसावं शतक संपता संपताच आलेली होती. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी नवापूरला पोचते. त्या स्टेशनाच्या फलाटाच्या मधूनच दोन राज्यांची हद्द जाते आणि सूचना चार भाषांत होतात. आपल्या हजारो माणसांनी ती हद्द डब्याच्या दाराशी बसून ओलांडली आहे. पासपोर्ट लागला नाही, पण पोटात गोळा तोच होता.

आज लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम, पांडेसरा या भागांत फिरावं. भाजीवालीशी अहिराणीत बोलता येतं. सुरत महापालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे कानबाई बसते, रोट होतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन होतं. आखाजीच्या आधी सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. लेकी माहेरी निघालेल्या असतात.

हे सगळं उभं कसं राहिलं, हे मी आमच्या गल्लीतल्या एका आण्णांकडून बारकाईने ऐकलं आहे. आयुष्य त्यांनी तिकडे मागावर काढलं. उतरलेल्या पोराच्या हातात पूर्ण पत्ताही नसायचा. गल्लीचं नाव, एका किराणा दुकानाचं नाव, बस. दुकानदार विचारायचा, "कोन्ता गावना शे रे भाऊ?" गावाचं नाव सांगितलं की दुकानातलाच कोणीतरी पोराला खोलीवर पोचवायचा. खोली एक, माणसं आठ-दहा. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा. पारोळ्याकडची एक मावशी मेस चालवायची, तिच्याकडे पहिल्या पगारापर्यंत नुसतं नाव लिहून जेवण. खोलीचं भाडं पहिले काही आठवडे मागायचं नाही, हा त्या खोलीचा नियम. आधी गेलेला माणूस नव्या पोराला कारखान्यात घेऊन जायचा आणि मुकादमाला सांगायचा, पोरगा माझ्या गावचा आहे, मी आहे मागे. पोरगा चुकला तर बोलणी त्यालाही बसायची, म्हणून तो रोज संध्याकाळी विचारायचा, आज काय शिकलास. पुढे भिशीत नाव लागायचं. वर्ष-दोन वर्षांनी तोच पोरगा गावाहून मेहुण्याला बोलावून घ्यायचा, आणि आता मुकादमासमोर उभं राहण्याची पाळी त्याची असायची.

ही कष्टाची कहाणी आहे, तिला मी साखर लावणार नाही. बारा बारा तासांची पाळी, मागांच्या खडखडाटाने गेलेले कान, घरी बसून साडीला लेस आणि टिकल्या लावणाऱ्या बायांची अधू झालेली नजर, हेही त्याच गल्ल्यांत आहे. तरीही तिथे पहिल्या रात्री कोणी एकटं झोपलं नाही. आणि ही रीत कोणा शिकलेल्या माणसाने आखून दिलेली नव्हती. गरीब माणसांनी ती गरजेतून घडवली. कदाचित म्हणूनच, आपली पोरं पदवी घेऊन जास्त लांब जायला लागली तेव्हा आपण ती सुरतेतच ठेवून दिली. लंडनला जाणाऱ्या पोराने स्वतःचं स्वतः बघावं, असं आपल्याला का वाटू लागलं, मला कळत नाही. त्याच्या डोक्यावर तर मागावर गेलेल्या पोरापेक्षा कितीतरी मोठं कर्ज असतं.

सुरतेने आणखी एक शिकवलं आहे, आणि तेही सोबत द्यायला हवं. गावची गल्ली पहिल्या दिवसांसाठी असते. त्यापुढे शहराशी ओळख करून घ्यावी लागते. अहिराणी बोलणाऱ्याला गुजराती लवकर येते, कानाला ती परकी वाटत नाही. ज्यांनी ती मनावर घेतली, शेजारच्या सुरती माणसाशी सोयरिकीइतका नाही पण लग्नाला जाण्याइतका संबंध ठेवला, ते मागावरून दुकानात, दुकानातून महापालिकेत पोचले. जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराउतमध्ये जन्मलेले सी. आर. पाटील तिकडे पोलीस शिपाई होते. २०१९ मध्ये नवसारीतून ते ६ लाख ८९ हजारांहून अधिक मतांनी लोकसभेवर गेले, त्या निवडणुकीतलं देशातलं ते सर्वांत मोठं मताधिक्य. त्यांचं राजकारण कोणाला पटो न पटो, परक्या भाषेच्या शहरात खानदेशी माणूस किती खोल मुळं धरू शकतो हे त्यातून दिसतं. उलट, तीस वर्षं राहूनही ज्यांना दवाखान्यात आपलं दुखणं सांगायला मुलगा सोबत लागतो, अशीही माणसं मी सुरतेत पाहिली आहेत.

आता लंडन. मागाच्या मुकादमापेक्षा तिथले कायदे नव्या माणसाला जास्त सांभाळून घेतात, फक्त ते कोणीतरी सांगायला हवेत. घराची अनामत साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि साध्या भाडेकरारात घरमालकाने ती ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करायची असते. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, निदान ओळखीच्या कोणी पाहून आल्याशिवाय, एक पौंडही पाठवू नये. पूर्णवेळ विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्समधून सूट आहे. व्हिसासोबत आरोग्यासाठी वर्षाला ७७६ पौंड आधीच भरलेले असतात, तरी आपली मुलं ताप अंगावर काढतात, कारण जवळच्या जीपीकडे नाव नोंदवायचं हेच ठाऊक नसतं. ही नोंदणी फुकट आहे, पहिल्या आठवड्यातच करावी. पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणाचं सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. रोख पैसे देतो, जास्त तास कर, असं सांगणारे भेटतात, आणि हप्त्याच्या काळजीने पोरं फसतात. पकडलं गेलं तर व्हिसा जातो. हे घरच्यांनीही समजून घ्यावं. "तिकडे जाऊन चार पैसे पाठव" हे वाक्य निदान शिक्षणाच्या काळात तरी फोनवर काढू नये. नव्याने लग्न झालेल्यांसाठी एक गोष्ट: जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या नेहमीच्या एमए-एमएस्सी अभ्यासक्रमांना जोडीदाराला सोबत नेता येत नाही. सासरकडच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आणि उजेड. याबद्दल कोणीच बोलत नाही. आपल्याकडे डिसेंबरातला लहानात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. लंडनमध्ये तो आठ तासांचाही नसतो, चार वाजायच्या आत सूर्य बुडतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेचारचं साडेपाच तास होतं. पोरगा कामावरून येऊन फोन हातात घेतो तेव्हा इथे आईचा डोळा लागलेला असतो. उन्हात वाढलेल्या मुलांना हा काळ फार जड जातो, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटतं. तो आळस नव्हे, भित्रेपणाही नव्हे. भाचा म्हणाला, "मामा, नोव्हेंबरात मला परत यावंसं वाटत होतं, पण कारण काय सांगणार, अंधार?" हो, अंधार. हेही कारण असू शकतं, एवढं तरी घरच्यांनी कबूल करावं. दुपारच्या वेळी तासभर बाहेर चालून येणं आणि रविवारी माणसांत जाणं, या दोन गोष्टींनी त्याला तारलं.

माणसं तिथे आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. डॉलिस हिल भागात त्याची स्वतःची वास्तू आहे, गणपतीत तिथे गर्दी लोटते. किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. विद्यार्थी असताना बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे भाड्याने राहिले होते. नव्या पोरांनी तिथे जरूर जावं. आपल्या यावल-रावेरकडच्या सांगवीचे भालचंद्र नेमाडेही लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये शिकवत होते. वाट आपल्या ओळखीचीच आहे. पण मंडळात जायलाही कोणीतरी पहिल्यांदा सोबत न्यावं लागतं. बुजरा मुलगा दारापर्यंत जाऊन परत फिरतो, हे मी ऐकलं आहे.

म्हणून माझी दोन ठिकाणी विनंती आहे. पहिली आपल्या बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठाला आणि तिन्ही जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना: परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची शहरवार यादी त्यांच्या परवानगीने तयार करा, आणि उन्हाळ्यात कागदपत्रांवर शिक्का घ्यायला आलेल्या प्रत्येक मुलाला त्यातली दोन नावं द्या. मुलीला मुलीचं किंवा कुटुंबाचं नाव द्या.

दुसरी तुम्हा वाचकांना. ज्यांची मुलं, सुना, जावई लंडन, मँचेस्टर, डब्लिन, टोरंटो, दुबई अशा शहरांत दोन-तीन वर्षांपासून आहेत, त्यांनी या रविवारी फोनवर त्यांना विचारावं: सप्टेंबरात खानदेशातलं एक लेकरू पंधरा दिवस तुझ्याकडे राहिलं तर चालेल का? हो म्हणाले तर शहराचं नाव आणि तुमचा निरोप या सदराच्या पत्त्यावर, दैनिकाच्या कार्यालयात पाठवा. ज्यांची मुलं निघणार आहेत त्यांनीही कळवा. तुमची गाठ घालून देण्याचं काम मी गणपतीपर्यंत करीन. माझा भाचा एका मुलासाठी आधीच हो म्हणाला आहे.