भिंती पाहिल्या, आता जमीन पाहू

देगलूर तालुक्यातल्या माझ्या आत्याच्या घरी माजघराला खिडकी नाही. खाली शेणाने सारवलेली जमीन, चहूकडून जाड दगडी भिंती. थंडीत दार लावून सारे घर त्याच खोलीत अंग टाकते. गेल्या दिवाळीत मी म्हणालो, "आत्या, एक झरोका तरी पाडून घे." ती हसली. "पन्नास वर्षं निजले इथं, लेकरा. काय झालं मला?"

काही झाले नाही, हे खरे. पण घराच्या भरवशावर निर्धास्त झोपलेला आपला मराठवाडा एकदा फसला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून गावे झोपलेली असताना किल्लारीची जमीन हलली आणि सुमारे 10 हजार माणसे त्या जाड भिंती नि मातीच्या माळवदांखाली गेली. तेव्हापासून आपण भिंतींकडे पाहायला शिकलो. पायाखालच्या जमिनीतून काय वर येते, ते मात्र आपण सहसा विचारत नाही.

तिथून रेडॉन नावाचा वायू येतो. खडकातल्या युरेनियमपासून तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जातो, बंद खोलीत साचतो. त्याच्यापासून होणारे किरणोत्सर्गी कण श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन बसतात. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानानंतरचे हे एक मोठे कारण आहे, आणि विडी ओढणाऱ्याला तर त्याचा धोका कितीतरी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातल्या हवेसाठी घनमीटरला 100 बेकरेल ही पातळी सुचवली आहे.

आपल्याकडे काय स्थिती असेल? लातूर भागात काळा बेसाल्ट आहे, त्यात युरेनियम कमी. भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा हा थर 300 मीटरहून जाड निघाला आणि त्याखाली जुना खडक लागला. देगलूर-बिलोलीकडे मात्र ग्रॅनाइटसारखा जुना खडक ठिकठिकाणी उघडाच आहे. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम बेसाल्टपेक्षा जास्त असते. म्हणून तिकडचे प्रत्येक घर धोक्याचे, असे मुळीच नव्हे. शेजारशेजारच्या दोन घरांतही आकडे वेगळे निघतात. इथे अंदाज चालत नाही, मोजावेच लागते.

मोजणे फार अवघडही नाही. लहानशा डबीत खास प्लास्टिकची फिल्म ठेवून ती खोलीत सुमारे 3 महिने टांगतात. कणांच्या खुणा तिच्यावर उमटतात, त्या प्रयोगशाळेत मोजतात. ना वीज लागते, ना बॅटरी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि गावोगावच्या कॉलेजांनी विज्ञानाच्या मुलांकडे हे काम सोपवले, तर एका हिवाळ्यात एका तालुक्याचा अंदाज हाती येईल. सुरुवात शाळा-अंगणवाड्यांपासून करावी. मात्र आकडा कपाटात पडू नये. तो घरच्या बाईला समजेल अशा भाषेत तिच्या हाती द्यावा. तिचा दिवस आणि रात्र त्याच हवेत जाते.

आकडा जास्त निघाला तरी घाबरून घर सोडायचे कारण नाही. फरशीच्या आणि भिंतीच्या फटी बुजवाव्यात, वारा खेळता ठेवावा. आकडा फारच मोठा असेल, तर जाणकाराला बोलावून जमिनीखालची हवा नळीने बाहेर काढता येते.

निघताना मी आत्याला विचारले, "अशी डबी मिळाली तर टांगू का?" ती म्हणाली, "टांग बाबा. पण देव्हाऱ्यापासून लांब." एवढी परवानगी मला पुरेशी आहे.