शाळेसाठी कोण उभं आहे?

वर्षभर एक गोष्ट मनात सलते आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये शब्द बदलून तोच पुन्हा आला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत महाराष्ट्र शाळेबद्दल जेवढा बोलला तेवढा गेल्या कित्येक वर्षांत बोलला नव्हता. तो राग रास्त होता. आम्ही त्या रागाच्या बाजूने होतो आणि आजही आहोत. पण त्याच जूनमध्ये शाळा उघडल्या, पालकसभा लागल्या आणि बहुतेक ठिकाणी त्यांना नेहमीचीच मोजकी माणसं आली. शाळा व्यवस्थापन समितीसाठी मुख्याध्यापकांनी नावं सुचवली, कुणीतरी अनुमोदन दिलं, इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं लिहिलं गेलं. जे आलेच नव्हते त्यांच्या सह्या मागाहून घरी वही पाठवून घेतल्या गेल्या. हे इतक्या गावांत आणि इतक्या वॉर्डांत घडतं की आता कुणाला ते खटकतही नाही.

आम्हाला खटकतं. मंत्रालयातून निघालेल्या कागदावरून आपण रस्त्यावर उतरतो, आणि दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेच्या कारभारात कायद्याने दिलेली जागा रिकामी ठेवतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या २१ व्या कलमाने विनाअनुदानित सोडून प्रत्येक शाळेत अशी समिती बंधनकारक केली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं, आलेल्या अनुदानाचं काय झालं ते पाहणं ही कामं तिला नेमून दिली आहेत. अनुदानित खासगी शाळांत तिचं काम पुढे सल्ल्यापुरतं केलं गेलं. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत मात्र ते पूर्ण आहे. आमचे अनेक वाचक म्हणतील की आमची नातवंडं तिथे शिकतच नाहीत, मग आमचा काय संबंध? शहरात राहत असाल तर घरपट्टीचं बिल काढून पाहा. त्यात शिक्षण कराची वेगळी ओळ असते, आणि तो कर मूल कुठे शिकतं हे विचारून आकारला जात नाही. पैसे आपले आहेत, म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्कही आपला आहे.

याच सलणाऱ्या गोष्टीपायी यंदा आम्ही एका लांबच्या गावाची गोष्ट पुन्हा काढून वाचली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, यॉर्क परगण्यात डोव्हर नावाचं छोटं गाव आहे. ८ नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या एका निवडणुकीला वीस वर्षं झाली. ती निवडणूक होती गावच्या स्कूल बोर्डाची.

तिथलं स्कूल बोर्ड म्हणजे नऊ जणांचं मंडळ. गावाने थेट मतदान करून निवडलेलं, चार वर्षांच्या मुदतीचं आणि बिनपगारी. शिक्षक कोण नेमायचे, पुस्तकं कोणती घ्यायची, घरमालकांवर शाळेसाठी किती कर बसवायचा हे ते ठरवतं. डोव्हरच्या मंडळात ॲलन बॉन्सेल निवडून आले ते मुख्यतः खर्चाला कात्री लावण्याच्या बोलीवर. शाळेच्या इमारतीवर होणारा खर्च लोकांना जड वाटत होता. त्यांच्या मनात जीवशास्त्राच्या तासाबद्दल काय आहे हे तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. मधल्या काळात सदस्य राजीनामे देऊन गेले की रिकाम्या जागी उरलेले सदस्यच माणसं नेमत. गावाचं लक्ष नव्हतं. कराचा आकडा वाढला नाही की लोक निश्चिंत असत.

२००४ च्या उन्हाळ्यात जीवशास्त्राचं नवं पुस्तक घ्यायची वेळ आली तेव्हा अभ्यासक्रम समितीचे प्रमुख विल्यम बकिंगहॅम यांनी ते अडवलं. त्यात डार्विन ठासून भरलाय, अशी त्यांची तक्रार होती. १८ ऑक्टोबर २००४ रोजी मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला. डार्विनच्या सिद्धान्तात त्रुटी आहेत आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ नावाचं दुसरंही स्पष्टीकरण आहे, म्हणजे सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्याने केली असावी, हे नववीच्या मुलांना सांगायचं. ठरावाच्या विरोधात मत देणारे केसी आणि जेफ ब्राउन हे पतिपत्नी त्याच सभेत राजीनामा देऊन उठले. जाताना केसी ब्राउन यांनी सांगितलं की मंडळातल्या सहकाऱ्यांनी त्यांना ‘तुमचा ख्रिस्तात पुनर्जन्म झाला आहे का’ असं विचारलं होतं. सहकारी सदस्याला असं विचारायचा हक्क कुणालाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

विज्ञानाच्या शिक्षकांनी या ठरावाप्रमाणे तयार झालेलं निवेदन वर्गात वाचायला नकार दिला. त्या गोष्टीत सगळ्यांत जास्त आदर वाटावा अशी ही माणसं आहेत. नोकरी डोव्हरची, वरिष्ठ डोव्हरचे, आणि तरी मुलांसमोर आपल्याला जे विज्ञान वाटत नाही ते विज्ञान म्हणून सांगणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. शेवटी जानेवारी २००५ मध्ये शाळेच्या अधिकाऱ्यांनी वर्गावर जाऊन ते वाचलं. त्याआधीच, डिसेंबरमध्ये, अकरा पालक न्यायालयात गेले होते.

खटला हॅरिसबर्गला चालला आणि त्याच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आम्हाला ओढ आहे ती त्याच महिन्यांत गावात चाललेल्या दुसऱ्या वादाची. नऊपैकी आठ जागांची निवडणूक लागली होती आणि जुन्या मंडळाविरुद्ध ‘डोव्हर केअर्स’ नावाने आठ जण उभे राहिले होते. त्यांत दोन्ही पक्षांची माणसं होती. यॉर्क परगणा रिपब्लिकनांचा बालेकिल्ला असूनही नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांची नावं डेमोक्रॅट म्हणून आली. त्यांची मागणी टोकाची नव्हती. इंटेलिजंट डिझाइनची चर्चा ज्यांना हवी असेल त्यांच्यासाठी ऐच्छिक विषयात जरूर करा, विज्ञानाच्या तासाला नको, एवढंच ते म्हणत होते. फिर्यादी पालकांपैकी एक, ब्रायन रेम, याच गटातून उभे होते. ते पूर्वी डोव्हरच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत, आणि चर्चमध्ये सुटीतले बायबलवर्गही घेत. गावात त्यांना नास्तिक म्हटलं गेलं.

घरांसमोरच्या हिरवळीवर दोन्ही बाजूंच्या पाट्या लागल्या. एका घरात जुन्या मंडळाची, शेजारच्या घरात नव्या उमेदवारांची. बॉन्सेल यांच्या बाजूचे लोक म्हणत, यांनी कर आटोक्यात ठेवला, आणि मुलांना दुसरा विचार ऐकवला तर बिघडलं काय? विरोधक म्हणत, या खटल्याचा खर्च तुमच्या-आमच्या करातून जाणार आहे, आणि आमची मुलं पुढे कॉलेजात गेली की त्यांना डोव्हरचं नाव सांगायची लाज वाटेल. कुणी म्हणे, डार्विनचं काही का असेना, हे लोक खोटं बोलले ते चालणार नाही. त्यालाही आधार होता. शाळेला भेट आलेल्या ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या इंटेलिजंट डिझाइनवरच्या पुस्तकाच्या प्रतींचे पैसे बकिंगहॅम यांनी आपल्या चर्चमध्ये उभे केले होते आणि तो चेक बॉन्सेल यांच्या वडिलांकडे गेला होता. आधीच्या जबानीत हे दोघांनीही दडवलं होतं. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी त्यावरून बॉन्सेल यांना भर न्यायालयात स्वतः फैलावर घेतलं, आणि ते सगळं गावाने वर्तमानपत्रात वाचलं. बकिंगहॅम तोवर राजीनामा देऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेले होते. बॉन्सेल मात्र उमेदवार होते.

सुनावणी ४ नोव्हेंबर २००५ ला संपली. चार दिवसांनी, न्यायालयाचा निकाल यायच्या आत, मतदान झालं. आठही जुने सदस्य पडले आणि आठही नवे निवडून आले. नवव्या जागेची मुदत संपलेली नव्हती म्हणून ती तेवढी तशीच राहिली. पॅट रॉबर्टसन या टीव्हीवरच्या धर्मोपदेशकाने डोव्हरकरांना बजावलं, तुमच्यावर संकट आलं तर आता देवाकडे जाऊ नका, तुम्ही त्याला गावातून हाकललंय. गावातल्या ज्या बाया-बाप्यांनी मत दिलं होतं त्यांतले बहुतेक त्या रविवारी नेहमीसारखे चर्चला गेले असणार.

काही जागांवरचा फरक फार थोड्या मतांचा होता, हे विसरून ही गोष्ट सांगणं आम्हाला अप्रामाणिक वाटतं. जवळजवळ निम्म्या गावाला जुनंच मंडळ हवं होतं. शे-दोनशे मतं इकडची तिकडे गेली असती तर सजीवांची उत्क्रांती झाली नसती असं काही नाही. विज्ञान काय आहे हे मतदानाने ठरत नाही, ते ठरू नये. म्हणून न्यायालयाचीही गरज होती. न्यायाधीश जोन्स स्वतः रिपब्लिकन, धाकट्या बुश यांनी नेमलेले. २० डिसेंबरला त्यांनी १३९ पानांचा निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, आणि ते सरकारी शाळेत शिकवायला लावणं घटनेला धरून नाही. नव्या मंडळाने अपील केलं नाही, जानेवारीत जुना ठराव रद्द केला. विरुद्ध पक्षाच्या वकिलांचा खर्च म्हणून शाळा मंडळाला दहा लाख डॉलर द्यावे लागले. कर वाचवायला निवडलेल्या माणसांमुळे हा भुर्दंड पडला.

मग निवडणुकीने काय केलं? आमच्या मते तिने न्यायालयाला न जमणारी गोष्ट केली. निकाल वरून आला असता आणि मंडळ तेच राहिलं असतं तर डोव्हरची शाळा पुढची कित्येक वर्षं जबरदस्तीने गप्प केलेल्या माणसांच्या हाती राहिली असती. ज्यांनी चुकीची माणसं बेसावधपणे निवडली होती त्यांनीच ती समजून-उमजून, शेजाऱ्याशी वाद घालून बदलली. वाद कडवट झाला. मैत्र्या तुटल्या, पालकांना निनावी पत्रं आली. तरीही वादग्रस्त उमेदवार परवडला, असं आम्ही म्हणतो. कारण त्याच्यामुळे मतदाराला पाठ्यपुस्तक उघडून बघावं लागतं. कुणाचाच आक्षेप नसलेला, कुणी नाव न ऐकलेला, बिनविरोध आलेला सदस्य शाळेचं जास्त नुकसान करतो, आणि आपल्याकडे तोच जास्त आहे.

आपल्याकडेही कधीकाळी शाळेवरून अशी भांडणं होत. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि १८८२ साली त्यांनी हंटर आयोगापुढे, शेतकऱ्यांच्या करातून उच्चवर्णीयांचं उच्च शिक्षण चालतं आणि प्राथमिक शाळा उपाशी राहतात, असं रोखठोक मांडलं. १९२० च्या सुमारास सक्तीचं शिक्षण मुलग्यांपुरतं ठेवायचं की मुलींनाही लागू करायचं यावरून पुण्यात सभा उधळण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा शाळा हा मतांचा विषय होता. पुढे महापालिकांची शिक्षण मंडळं आली. त्यांचे सदस्य नगरसेवक निवडत, मतदार नव्हे. टक्केवारीच्या आणि खरेदीच्या आरोपांनी ती इतकी बदनाम झाली की दहा-बारा वर्षांपूर्वी सरकारने ती मोडीत काढायला घेतली तेव्हा रडायला कुणी नव्हतं. त्यांच्या जागी जे उरलं ते प्रशासनाच्या हाती गेलं. मुंबईत तर मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत नगरसेवकच नव्हते.

उत्क्रांतीचा प्रश्नही आपल्यापासून लांब नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून तो भाग वगळला गेला. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र लिहिलं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच धडा आहे. एकाच इमारतीतली दोन मुलं, एकाला तो धडा आहे आणि एकाला नाही. याबद्दल आपण कोणाला जाब विचारला? खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये गेले तेव्हा सगळ्यांनी वैज्ञानिक दृष्टिकोनावर भरभरून लिहिलं. ते स्वतः आयुष्यभर शाळांतून मुलांशी बोलत राहिले. त्यांच्यामागे हे काम कुणी करायचं ते आदरांजलीच्या लेखांत कुठे सापडलं नाही.

वर्षाने आणखीही बरंच दाखवलं. आपले किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्याची शेतं वाहून नेली, आणि तिथल्या कितीतरी घरांत दिवाळी उभी राहील की नाही याची चिंता होती. यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ ठरवला तेव्हा यातलं काहीच डोळ्यांपुढे नव्हतं. आतले लेख चाळींबद्दल आहेत, सीमाभागाबद्दल आहेत, भिंतीपलीकडच्या भाषेबद्दल आहेत. डोव्हरची गोष्ट आम्ही त्याच विषयात धरतो. ज्याच्याशी रोज तोंडदेखलं हसायचं त्याच्याशी मुलांच्या पुस्तकावरून स्पष्ट बोलणं, हेही शेजारधर्मातच मोडतं असं आम्हाला वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या रखडलेल्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उरकायला सांगितल्या होत्या. निवडणूक आली की उमेदवार दारात येतील. ते गटारांबद्दल बोलतील, पाण्याबद्दल बोलतील, ते बोलायलाच हवं. प्रभागात किंवा गटात किती सरकारी शाळा आहेत, गेल्या पाच वर्षांत कोणती बंद झाली, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे त्यांना विचारा. आणि मतदानाची वाट न पाहता एक काम करा. जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन व्यवस्थापन समिती कशी निवडली गेली, शेवटची सभा कधी झाली आणि इतिवृत्तात काय लिहिलं आहे ते पाहा, आणि आम्हाला कळवा. मे अखेरपर्यंत आलेली पत्रं पुढच्या अंकात जागा राखून छापू. पत्त्यासाठी शेवटचं पान पाहावं.