चावी फिरवली, गाडी गप्प

थंडी पडली की जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात पहाटे गाडी सुरू न होणं नवीन नाही. ओतूर असो, नारायणगाव असो की घोडेगाव, अंगणातली गाडी पाच वाजता अडून बसते आणि नेमकं त्याच दिवशी कुणाला पुण्याच्या दवाखान्यात तर कुणाला मुंबईच्या विमानतळावर पोहोचायचं असतं. शेजारचे चाचा बोनेट उघडतात आणि ठरलेला निकाल देतात, ‘बॅटरी गेली.’ काही हजार रुपये मोडून नवी बॅटरी बसते. आठ-दहा दिवसांनी तीही तशीच गप्प. कारण दोष तिच्यात नव्हताच.

वाचक बंधू-भगिनींनो, पैसे मोडण्याआधी दोन कामं करा. कान द्या आणि दिवे बघा. घरात गाडी कुणीही चालवत असो, हे सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

हेडलाइट लावा, कुणाला तरी समोर उभं करा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले आणि बोनेटखालून टकटकटक असा भरभर आवाज आला, तर सेल्फला पुरेसा करंट मिळत नाही. एकतर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि एकच ‘टक’ झाली, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जाड वायरवर घ्या. बहुतेक वेळा त्याचे कार्बन झिजलेले असतात. दिवे लख्ख आणि आवाज काहीच नाही? मग आधी क्लच पूर्ण दाबला आहे ना ते पाहा. बऱ्याच नव्या गाड्या त्याशिवाय सेल्फच घेत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पी किंवा एनवर हवा. त्यानंतर फ्यूज, रिले आणि चावीचा स्विच. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला हातही लावू नका, ती निर्दोष आहे. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नाहीये. घरातली दुसरी चावी लावून बघा.

आता त्या जोडणीबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मं दुखणं तिथेच असतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचते. वरून तार घट्ट दिसते, आत करंट अडतो. दिव्यांना करंट थोडा लागतो म्हणून ते लागतात, सेल्फला शेकडो अँपिअर लागतात म्हणून तो रुसतो. दहा नंबरचा पाना घ्या. हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवा. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह तार सोडवा, मग लाल. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा आणि बसवताना आधी लाल, शेवटी काळी. वर व्हॅसलिनचा हात फिरवा. काळ्या तारेचं दुसरं टोक बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने आवळलेलं असतं तिथेही गंज पाहा. हे अर्थिंग फारसं कुणी तपासत नाही, आणि नवी बॅटरी त्यामुळेच बदनाम होते.

काही शे रुपयांना मिळणारा मल्टीमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना आकडा बहुधा 13.8 ते 14.5 हवा. चालू गाडीतही बारावरच अडकला असेल तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाही. मग कितीही बॅटऱ्या बदला. अल्टरनेटर ठीक असून बॅटरी उतरत असेल, तर बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा जीपीएस रात्रभर करंट पितो का, ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. कांद्याच्या चाळीजवळ गाडी लावत असाल तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालू नका. त्याने गाडी पेटू शकते.

थंडीत बॅटरी मरते असं आपण म्हणतो. खरं तर तिची झीज उन्हाळ्यात होते. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं, आणि आधीचा अशक्तपणा उघडा पडतो.

दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा तर ट्रकवरून नको. त्याची यंत्रणा 24 व्होल्टची असते, कारमधले नाजूक भाग जळतील. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, ठिणगी त्याच्याजवळ पडता कामा नये.

आपल्या भागात आणखी एक काळजी आहे. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरमध्ये, उसात बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्यासाठीच आहे. रात्री उसाच्या कडेला गाडी बंद पडली तर बोनेटमध्ये वाकून किंवा खाली बसून तपासत राहू नका. लेकरांना खाली उतरवू नका. काचा बंद ठेवून आत बसा आणि फोन करून माणसं बोलवा. बॅटरी पूर्ण उतरली तर पॉवर विंडोच्या काचा वर होत नाहीत, म्हणून तिच्यात थोडा जीव असतानाच त्या चढवून घ्या. पार्किंगचे दिवेही मग लागणार नाहीत, तेव्हा एक टॉर्च कायम गाडीत असू द्या.

धक्का स्टार्टचं वेगळं. जुनी डिझेल जीप धक्क्याने सुरू व्हायची, कारण तिच्या पंपाला वीज जवळजवळ लागतच नव्हती. आजच्या गाडीत इंधनाचा पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही विजेवर, म्हणून पूर्ण मेलेल्या बॅटरीवर धक्का वाया जातो. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरू होतच नाही. माळशेजसारख्या घाटात उतारावर गाडी सोडून सुरू करायचा मोह होतो, पण इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड होतं. तिथे चाकांमागे दगड लावा, हँडब्रेक ओढा, घरच्यांना दरीच्या कडेला नव्हे तर डोंगराच्या बाजूला, दरडीपासून दूर उभं करा आणि टोचनवाल्याची वाट पाहा.