ज्यांचे औषध ताटात आहे

पास्ता आणि पावावर पोसलेल्या इटलीने २००५ साली कायदा करून सिलिॲक या आजाराला ‘सामाजिक आजार’ असा दर्जा दिला. गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लुटेन ज्यांच्या आतड्याला सोसत नाही, अशा नागरिकांना तिथे ग्लुटेनमुक्त अन्नासाठी दरमहा सरकारी मदत मिळते. रक्कम वय आणि गरज पाहून ठरते. २०१८च्या दरांनुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ५६ युरो, साठीच्या आतल्या प्रौढ पुरुषासाठी ११० आणि स्त्रीसाठी ९०. शाळा, रुग्णालये आणि सरकारी उपाहारगृहांनी मागणी करणाऱ्याला ग्लुटेनमुक्त जेवण दिलेच पाहिजे, असेही याच कायद्यात लिहिले आहे. २०२३मध्ये तिथली संसद आणखी पुढे गेली. एक ते सतरा वर्षांच्या मुलांची टाइप-१ मधुमेह आणि सिलिॲक यांसाठी देशभर तपासणी करण्याचा कायदा तिने संमत केला.

एका पोटाच्या आजारासाठी सरकारने एवढे का करावे? कारण या आजारावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही. जन्मभर ग्लुटेन न खाणे हा एकमेव उपचार आहे. म्हणजे रुग्णाचे औषध औषधांच्या दुकानात नसून किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत आणि शाळेच्या डब्यात आहे. मधुमेहाच्या मुलाला इन्शुलिन देणे ही आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी मानणाऱ्या समाजाने सिलिॲकच्या मुलाला त्याची भाकरी मिळवून देणे हीसुद्धा तेवढीच जबाबदारी मानली पाहिजे.

हा उपचार सापडला तो एका डच बालरोगतज्ज्ञाला. हेग शहरातील रुग्णालयात काम करणारे डॉ. विलेम डिके यांना तिसाच्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. सतत जुलाब, फुगलेले पोट आणि खुंटलेली वाढ घेऊन येणाऱ्या मुलांचा पाव बंद केला की ती सुधारतात, हे त्यांनी पाहिले होते. पुढे १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन फौजांच्या ताब्यातील पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न संपले. लोक ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढत होते, हजारो माणसे भुकेने मेली. त्या काळात पाव मिळेनासा झाला आणि डिके यांच्या या रुग्णमुलांची पोटे मात्र शांत झाली. पाव परत आला तसा आजारही परतला. संशयाला बळकटी आली. डिके यांनी काटेकोर प्रयोग करून १९५०मध्ये उट्रेख्त विद्यापीठाला प्रबंध सादर केला, आणि शतकानुशतके मुलांना खंगवणाऱ्या आजाराचा गुन्हेगार हाती लागला.

आतड्याच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातले सत्त्व तेच शोषून घेतात. सिलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अस्तरावर उलटते, उंचवटे झिजतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. घरोघर याला गव्हाची ॲलर्जी म्हणतात, पण अंगावर पित्त उठून तासाभरात उतरावे असे हे प्रकरण नाही. नुकसान आतून, गाजावाजा न करता चालू राहते. कुणाला जुलाब होतात, कुणाला मुळीच होत नाहीत. कुणाची उंची वाढत नाही, कुणाचे हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन वाढत नाही, कुणाची हाडे ऐन पस्तिशीत ठिसूळ होतात, कुणाला मूल होत नाही आणि त्याचे खापर फुटते ते बाईवर. जगाच्या लोकसंख्येत साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. त्यातल्या बहुतेकांना तो आपल्याला आहे हेच ठाऊक नसते.

आता वाळवंटातली गोष्ट. पश्चिम सहारातून १९७५नंतर परागंदा झालेले सहरावी लोक अल्जीरियातील तिंदूफजवळच्या निर्वासित छावण्यांत राहतात. त्यांचे पूर्वज उंटिणीचे दूध, मांस आणि खजूर यांवर जगत. वसाहतीच्या काळात त्यांच्या खाण्यात गहू शिरला आणि छावण्यांत तर मदत म्हणून येणारे गव्हाचे पीठ हेच मुख्य अन्न झाले. इटालियन बालरोगतज्ज्ञ कार्लो कातास्सी यांच्या पथकाने १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहरावी मुलांमध्ये सिलिॲकचे प्रमाण ५.६ टक्के आढळले. जगाच्या सरासरीच्या पाचपटीहून अधिक. दात्यांनी सद्भावनेने पाठवलेले पोते ज्या मुलाच्या घरी उतरते, तेच पोते त्याला आजारी पाडते, आणि त्या वाळूत दुसरे पीठ विकत घ्यायचे दुकान नाही. युद्ध, दुष्काळ, पूर काहीही असो, मदतीच्या ट्रकमध्ये गव्हाचे पीठ आणि बिस्किटे ठरलेली असतात. आपत्तीच्या काळात सिलिॲकच्या रुग्णांना मदत करणे म्हणजे त्याच ट्रकमध्ये तांदळाची, मक्याची, ज्वारीची काही पोती वेगळी बांधून ठेवणे. हे अवघड नाही. मात्र यादी करणाऱ्याला त्या मुलाची आठवण असायला हवी.

कायद्याने किती फरक पडतो, हे दक्षिण अमेरिकेत दिसते. ब्राझीलने २००३मध्येच कारखान्यात बनणाऱ्या प्रत्येक खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर ‘ग्लुटेन आहे’ किंवा ‘ग्लुटेन नाही’ यांपैकी एक वाक्य छापणे बंधनकारक केले. अर्जेंटिनाने २००९मध्ये सिलिॲकसाठी स्वतंत्र कायदा केला. ग्लुटेनमुक्त पिठाच्या खर्चाचा भार तिथल्या आरोग्य विमा संस्थांवर टाकला आणि पुढच्या दुरुस्तीत रुग्णालयांपासून उपाहारगृहांपर्यंत ग्लुटेनमुक्त पर्याय ठेवण्याची सक्ती आणली. दोन्ही देश इटलीइतके श्रीमंत नाहीत, हे लक्षात ठेवलेले बरे.

उलट इंग्लंड मागे सरकले. तिथे ग्लुटेनमुक्त पदार्थ डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत असत. ज्या संघटनेने रुग्णांची बाजू लावून धरली, तिच्या स्थापनेत १९६८ साली ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’चे संस्थापक पीटर बेनेन्सन यांचा पुढाकार होता. ते स्वतः सिलिॲकचे रुग्ण होते. २०१८च्या अखेरीस इंग्लंडने चिठ्ठीवर मिळणाऱ्या पदार्थांची यादी पाव आणि पिठापुरती आखडली. पुढे अनेक भागांत तीही सोय बंद झाली. बाजारात हे पदार्थ मिळतातच, असा युक्तिवाद झाला. मिळतात, पण साध्या पावाच्या कित्येक पट भावाने. पैसेवाल्याचे पथ्य त्यामुळे अडत नाही. ज्याच्या घरी आठवड्याचा हिशेब पेन्सिलने लिहिला जातो, त्याचे अडते.

भारतात हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. हा गैरसमज आता टिकण्यासारखा नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिल्ली परिसरात शंभरात एकाहून किंचित अधिक माणसांना सिलिॲक आढळला. २०१६मध्ये आलेल्या बहुप्रांतीय अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली. या आजाराला पोषक असलेली जनुके उत्तरेत, ईशान्येत आणि दक्षिणेत थोड्याफार फरकाने सारखीच आहेत, पण आजार उत्तरेत पुष्कळ आणि दक्षिणेत नाममात्र. फरक ताटातला होता. उत्तरेतल्या पाहणीत माणशी रोजचा गहू साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरला, दक्षिणेत पंचवीस.

महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध उभा आहे, आणि ताट बदलते आहे. दोन पिढ्यांपूर्वी सोलापूर-मराठवाड्यात पोळी सणावाराला होत असे. रोजची भाकरी ज्वारीची, खानदेश-नगरकडे बाजरीची, कोकणात तांदूळ आणि नाचणी. शहरांच्या डब्यात आज रोज पोळी आहे, नाश्त्याला रवा, मधल्या वेळेला मैद्याची बिस्किटे, रस्त्यावर पाव. ज्या शरीरात हा आजार दबा धरून बसला असेल, त्याला जागे करणारे सगळे साहित्य घरात आले आहे. म्हणूनच इथल्या डॉक्टरांनी हा उत्तरेचा आजार आहे असे म्हणून चालणार नाही.

महाराष्ट्राचे भाग्य असे की इथल्या रुग्णाला परदेशी पाकिटांची गरज नाही. भाकरी, घावन, आंबोळी, तांदळाची उकड, नाचणीचे सत्त्व, राजगिऱ्याचे लाडू ही सगळी त्याचीच पाने आहेत. उपवासाचे ताट तर जवळपास पूर्णपणे त्याच्यासाठीच वाढलेले असते. तरीही पथ्य मोडते, आणि ते कुठे मोडते हे बारकाईने पाहायला हवे.

पहिली जागा गिरणी. गव्हाचा डबा दळून झाला की त्याच जात्यात ज्वारी ओतली जाते. आधीचे गव्हाचे पीठ पाळ्यांत, पन्हाळीत, कापडी पिशवीत अडकलेले असते आणि ते ज्वारीसोबत खाली येते. चोखंदळ गृहिणी ‘गव्हावर दळू नका’ असे सांगतात ते भाकरीच्या चवीसाठी. सिलिॲकच्या घरात ते आतड्यासाठी सांगावे लागते. इटलीतल्याच २००७च्या एका अभ्यासात रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्याने रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. एका पोळीत ग्लुटेन असते दोन-तीन ग्रॅम. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग रोज पुरे होतो. भाजणीत गहू असतो. बाजारचा बहुतेक हिंग गव्हाच्या पिठात बांधलेला असतो, आणि तो आमटीपासून लोणच्यापर्यंत सगळीकडे पडतो. ‘शास्त्रापुरता एक घास’ म्हणून पुढे केलेला सत्यनारायणाचा शिरा नाकारताना आठ वर्षांच्या पोराला किती बळ लागत असेल, याचा विचार आग्रह करणाऱ्या काकू-मावशींनी करायला हवा. ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य मायेतून येते, पण ते खोटे आहे.

पाकिटबंद पदार्थांबाबत भारतीय नियम आता बरे आहेत. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही, आणि ग्लुटेनची धान्ये असतील तर वेष्टनावर तसे छापावे लागते. सुट्या विकल्या जाणाऱ्या हिंगाला, मसाल्यांना, पिठांना हे वेष्टनच नसते, आणि गरीब रुग्ण नेमका तिथेच खरेदी करतो.

राज्य सरकारला इटलीसारखे दरमहा पैसे वाटणे आज जमणार नाही, हे मान्य करू. पण ज्या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही त्या का होऊ नयेत? अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाच्या जोडीला भरड धान्याची तरतूद २०१३पासून आहे, आणि महाराष्ट्रात काही ठिकाणी रेशनवर ज्वारी वाटलीही गेली आहे. सिलिॲकचे निदान झालेल्या व्यक्तीला शिधापत्रिकेवर गव्हाऐवजी तेवढीच ज्वारी किंवा तांदूळ मिळावा, यासाठी डॉक्टरच्या दाखल्यावर एक शिक्का पुरेल. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष भारताच्याच प्रस्तावावरून साजरे झाले. त्या उत्साहात बचत गटांना गिरण्या मिळाल्या असतील, तर तालुक्यातली एक तरी गिरणी गव्हाला कायमची बंद ठेवावी. जत्रेतल्या पाटीपेक्षा भरड धान्याचा तो अधिक खरा उपयोग आहे. शाळेतली खिचडी तांदळाची असल्याने या मुलांना चालते. वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत मात्र सकाळचा नाश्ता आणि रात्रीची पोळी यांना पर्याय असावा, आणि तो मागणाऱ्या मुलावर नखऱ्याचा शिक्का बसू नये.

त्याआधी रुग्ण सापडायला हवेत. रक्तातील टीटीजी ही चाचणी आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासणे, एवढ्यावर निदान होते. सगळ्या मुलांची तपासणी आज परवडणार नाही. पण लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही रक्त न वाढणारी मुलगी, वयाच्या मानाने खुजा राहिलेला मुलगा, टाइप-१ मधुमेहाची मुले आणि रुग्णांची सख्खी भावंडे, आई-वडील, एवढ्यांची तरी चाचणी जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावी. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात हा आजार सर्वसाधारण माणसांच्या कितीतरी पट अधिक आढळतो. शाळांत आरोग्य तपासणीला जाणाऱ्या पथकांना या चार खुणा शिकवायला एक दुपार पुरते. त्याच दुपारी त्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागेल: संशय आला म्हणून चाचणीआधी गहू बंद करायला सांगू नये. गहू सुटला की रक्तातल्या खुणा पुसट होतात, अहवाल निर्दोष येतो आणि ते मूल पुन्हा पोळीच्या पानावर बसते.